थांबायचं कुठं?

या रस्त्यावर थांबायला मनाई आहे. तसे फलक आहेत आणि ते रास्तही आहेत. मोटारी ताशी १२० किलोमीटरनं धावत असताना कडेला उभं असलेलं वाहन म्हणजे सापळाच. तरीही रात्री एकनंतर समृद्धी महामार्गावरून जाताना डाव्या हाताला नजर ठेवली, की इंटरचेंजच्या वळणाशी, पुलाच्या आडोशाला, टोलनाक्याच्या अलीकडं-पलीकडं मालमोटारी उभ्या दिसतात. काहींचे इंडिकेटर लुकलुकत असतात, काहींचे तेही नाहीत. चाकाला दगडाची उटी लावलेली, आणि केबिनच्या खिडकीतून दोन तळपाय बाहेर आलेले.

हे तळपाय बेशिस्तीचे आहेत, असं म्हणून आपण पुढं जातो. पोलीस दंड करतात, वर्तमानपत्रं ‘महामार्गावर अवैध पार्किंग’ असा मथळा देतात. पण त्या माणसाला झोप आली होती आणि तो थांबला, एवढीच ती गोष्ट आहे. त्यानं जी गोष्ट करायला हवी तीच केली. चुकली ती जागा. आणि योग्य जागा मागं किती किलोमीटरवर होती, पुढं किती किलोमीटरवर आहे, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत दहा जिल्हे आणि ३९२ गावं ओलांडून तो येतो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. कसारा घाटाची ती रखडपट्टी आता बोगद्यातून काही मिनिटांत संपते. रस्ता उत्तम आहे, यात वाद नाही. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, असं जे सांगितलं जातं तेही मोटारीपुरतं खरं आहे.

मालमोटारीचं गणित मात्र निराळं. तिला वेगमर्यादा ८० ची. ७०१ किलोमीटरला ८० नं भागा: पावणेनऊ तास. तेही एकदाही ब्रेक न लावता, लघवीला न उतरता, चहा न पिता. भरलेली गाडी प्रत्यक्षात सरासरी साठनं गेली तर पावणेबारा तास.

आता कायदा बघू. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं सांगून ठेवलं होतं, की दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम. लांब पल्ल्याच्या वाहतुकीला विशेष बाब म्हणून दिवसाला दहा तास, आठवड्याला ५४. सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमानं कामाच्या तासांचं तेच बंधन व्यावसायिक वाहनांच्या चालकांना लावलं. म्हणजे समृद्धीवर नागपूरला चढलेला ट्रकचालक एका दमात आमणेला उतरला, तर पहिल्या हिशेबानं तो आठ तासांचा नियम मोडतो आणि दुसऱ्या हिशेबानं दहा तासांचाही. या रस्त्याच्या लांबीतच एक मुक्काम गृहीत धरलेला आहे. फक्त तो मुक्काम नकाशात आधी काढला गेला नाही.

रस्ता आधी उघडला, विसाव्याच्या जागा मागाहून येत राहिल्या. प्रथम पेट्रोल पंप आले. त्यांच्या आसऱ्यानं चहा-नाश्त्याचे गाळे आले, शौचालयं आली. निविदा निघत राहिल्या. अपघातांचा विषय जनहित याचिकेच्या वाटेनं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढंही गेला. परिवहन विभागानं प्रवेशाच्या जागी टायर तपासायला आणि चालकांचं समुपदेशन करायला सुरुवात केली. समुपदेशन चांगलंच, पण ज्याला झोप आली आहे त्याला झोपेचं महत्त्व समजावून सांगणं हा प्रकार मला भुकेल्याला आहारशास्त्र शिकवण्यासारखा वाटतो.

जुन्या रस्त्यांवर हा प्रश्न सरकारपुढं कधी आलाच नाही, कारण तो ढाब्यानं परस्पर सोडवला होता. ढाबा ही काही नुसती जेवायची जागा नव्हे. बाहेर दहा-बारा बाजा टाकलेल्या, मागं पाण्याचा हौद, शेजारी पंक्चरवाला, जरा पुढं गॅरेज. जेवलं की बाज फुकट. गाडी नजरेसमोर उभी, आणि ढाब्याचा पोऱ्या रात्रभर जागा, म्हणून डिझेलची टाकी आणि ताडपत्रीखालचा माल दोन्ही शाबूत. पुढं रस्ता कुठं खचला आहे, कुठल्या नाक्यावर तपासणी चालू आहे, परतीचं भाडं कुठं मिळेल, या सगळ्या बातम्या तिथंच कळायच्या. मालकाकडून पैसे आले नसतील तर उधारीही चालायची. नागपूर–अमरावती रस्त्यावर कोंढाळीच्या आसपास, जालन्याच्या अलीकडं, घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात असे ढाबे पिढ्यानपिढ्या चालले. त्यांच्यासाठी कुणी धोरण आखलं नव्हतं, कुणी निविदा काढली नव्हती.

ढाब्याचं गुणगान करताना हेही सांगायला हवं, की त्यानं माणसं मारलीसुद्धा. रस्त्यालगतच्या ढाब्याकडं वळणारी गाडी, दुभाजक फोडून केलेला रस्ता, उलट्या दिशेनं येणारा ट्रॅक्टर, आणि दारू. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, तेव्हा गल्लोगल्ली टेप घेऊन अंतरं मोजली गेली. दारू किती लांब हवी हे आपण मीटरमध्ये ठरवलं. झोप किती जवळ हवी, ते मोजायला कुणी टेप काढला नाही.

द्रुतगती महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असतं. ठरावीक जागीच आत शिरता येतं, ठरावीक जागीच बाहेर पडता येतं. म्हणून तो सुरक्षित आणि वेगवान. पण कुंपण घातलं की ढाबा बाहेर राहिला. जेवायला किंवा झोपायला बाहेर पडायचं तर इंटरचेंजवरून उतरा, टोल भरा, गाव शोधा, पुन्हा चढा. भाड्याची खेप वेळेत पोचवायची असलेला चालक हे करत नाही. तेव्हा माझं म्हणणं इतकंच आहे, की ज्या रस्त्यानं ढाबा बाहेर ठेवला, त्या रस्त्यानं ढाब्याचं काम स्वतःच्या अंगावर घ्यायला हवं. पूल, बोगदा, दुभाजक यांच्याइतकाच विसावा हा रस्त्याचा भाग आहे. आपण तो ‘सुविधा’ या रकान्यात टाकला, आणि सुविधा नेहमी दुसऱ्या टप्प्यात येतात.

झोपेची गोष्ट जरा खोलात जाऊन सांगायला हवी, कारण आपल्याकडं झोप ही इच्छाशक्तीची परीक्षा मानली जाते. ‘पक्का ड्रायव्हर’ म्हणजे रात्रभर जागणारा, हे कौतुकानं बोललं जातं. शरीराला ते मान्य नाही. पहाटे दोन ते पाच या वेळात आणि दुपारी जेवणानंतर मेंदूची जागरूकता आपोआप उतरते. हे शरीरातल्या घड्याळाचं काम आहे, आळसाचं नव्हे. सलग सतरा तास जागं असलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोगांनी दाखवलेलं आहे. आपल्या कायद्यात मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे सहाला उठून दिवसभर माल भरून घेणारा आणि रात्री अकराला स्टिअरिंगवर असणारा चालक, एक थेंबही न घेता, या मर्यादेच्या पलीकडं गेलेला असतो. त्याला पकडणारं यंत्र नाही. तोंडाशी धरायची नळी झोप मोजत नाही.

त्यात हा रस्ता सरळ. वळण नाही, खड्डा नाही, समोरून गाडी नाही, गाव नाही. पांढऱ्या पट्ट्या एका लयीत येत राहतात आणि डोळे उघडे असूनही माणूस बघत नसतो. याला आता ‘रस्ता संमोहन’ असं भारदस्त नाव मिळालं आहे. चालक नुसतं ‘डोळा लागला’ म्हणतात. चार सेकंदांची डुलकी ८० च्या वेगात जवळपास ९० मीटर नेते, १२० च्या वेगात १३० मीटरहून जास्त. क्रिकेटच्या मोठ्या मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कुणीही गाडी चालवत नसतं.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली, आणि २५ प्रवासी आत होरपळून गेले. टायर फुटला की चालकाचा डोळा लागला, यावर तेव्हा खूप चर्चा झाली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर सैलानीबाबांच्या दर्ग्याहून नाशिकला परतणाऱ्या भाविकांची मिनीबस वैजापूरजवळ ट्रकवर मागून आदळली. बारा जण गेले. तो ट्रक परिवहन अधिकाऱ्यांनीच रस्त्यात थांबवलेला होता असं पुढं आलं आणि दोघा अधिकाऱ्यांना अटक झाली. तपासणीसाठीसुद्धा या रस्त्यावर गाडी बाजूला घ्यायला धड जागा असणं किती मोलाचं आहे, हे त्या रात्री कळलं. थांबायची जागा नसलेल्या रस्त्यावर चालक चुकीच्या जागी थांबतो आणि सरकारही चुकीच्या जागी थांबवतं.

आपल्याकडं महामार्गावरचा विसावा म्हटलं की मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल डोळ्यांपुढं येतो. ९४.५ किलोमीटरचा तो रस्ता, देशातला आपल्या प्रकारचा पहिला. खालापूरला थांबायचं, बटाटवडा, कॉफी, पोरांना मक्याचे दाणे, दहा मिनिटांत बस सुटते. प्रवाशाला हे छान आहे. पण फूड मॉल आणि विसावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निविदा काढणाऱ्यांच्या डोक्यात त्यांची गल्लत झालेली आहे. फूड मॉलचं पोट मोटारीतल्या कुटुंबावर भरतं. ट्रकचालक तिथल्या दरात जेवत नाही; त्याला खेपेमागं ठरावीक खर्ची मिळते आणि तीतून वाचवलेले चार पैसे घरी न्यायचे असतात. वर त्याची गाडी जागा खाते. चाळीस फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर डोक्यापासून शेपटीपर्यंत पन्नास फुटांच्या वर जातो. त्याला मागं-पुढं न करता सरळ शिरून सरळ बाहेर पडता येईल असा तळ लागतो. तेवढ्या जागेत आठ-दहा मोटारी मावतात आणि त्यातले सगळे काही ना काही विकत घेतात. धंद्याच्या हिशेबानं ट्रकला जागा देणारा कंत्राटदार वेडाच ठरेल. म्हणून हे धंद्याच्या हिशेबावर सोडायचं नसतं.

ब्रिटननं हे कसं सोडवलं ते बघण्यासारखं आहे. तिथला एम-वन हा मोठा महामार्ग २ नोव्हेंबर १९५९ ला खुला झाला, त्याच दिवशी त्यावरचं वॉटफर्ड गॅप हे विसावास्थानही उघडलं. रस्ता आणि विसावा एकाच तारखेला! आजचा तिथला दंडक असा, की दोन विसावास्थानांत २८ मैलांहून, म्हणजे ४५ किलोमीटरहून जास्त अंतर नसावं. ती वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडी असावीत. दोन तास गाडी उभी करणं फुकट, शौचालय फुकट, आणि काही विकत घेण्याची सक्ती नाही. चालवतात खासगी कंपन्याच, खाणं तिथंही महागच असतं, आणि लोक कुरकुरतातही. पण झोप आलेल्या माणसाला खिशात हात न घालता दोन तास डोळे मिटता येतात. ते ४५ किलोमीटरचं माप समृद्धीला लावलं तर प्रत्येक बाजूला पंधराएक जागा हव्यात.

जपानच्या द्रुतगती मार्गांवर साधारण ५० किलोमीटरवर मोठं ठिकाण आणि मधे पंधराएक किलोमीटरवर छोटं, ज्यात निदान गाडी उभी करायची जागा आणि शौचालय असतं. त्याहून मला आवडतं ते तिथल्या साध्या रस्त्यांवरचं ‘मिची नो एकी’, म्हणजे रस्त्यावरचं स्टेशन. १९९३ मध्ये १०३ ठिकाणांनी सुरुवात झाली, आज ती बाराशेच्या वर आहेत. चोवीस तास फुकट वाहनतळ, फुकट शौचालय, आणि त्याच आवारात आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला. समृद्धीनं ज्यांच्या जमिनीतून वाट काढली त्या गावांना या रस्त्यावरून काय मिळतं? गाड्या दिसतात, गिऱ्हाईक दिसत नाही. जालन्याची मोसंबी, नागपूरची संत्री, बचतगटाच्या बायकांची भाजी-भाकरी कुंपणाच्या पलीकडं आणि भुकेला चालक अलीकडं, अशी आजची रचना आहे.

युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते, आणि गाडीतलं यंत्र ती नोंदवतं. तिथंही ट्रकतळ अपुरे पडतात, म्हणजे सगळं आलबेल आहे असं नव्हे. पण तिथला चालक निदान मालकाला सांगू शकतो, की कायद्यानं मला थांबावंच लागेल. आपल्या चालकाच्या हातात फोन असतो आणि त्या फोनवर मालकाला गाडी कुठं आहे ते दिसतं. टिंब हललं नाही की फोन वाजतो. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, गप्पा मारून जागं ठेवायचा, डोळा लागला तर खांद्याला धक्का द्यायचा. आता पुष्कळ गाड्यांवर एकटाच माणूस.

काहीच हाललं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. राष्ट्रीय महामार्गांवर ठरावीक अंतरावर विसावास्थानं उभारायचं धोरण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी चालकांसाठी पहिल्या टप्प्यात हजार इमारतींची घोषणा केली. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाची चालकांची विश्रांतिगृहं उभी राहिली. जुलै २०२५ पर्यंत देशभर साडेतीनशेहून अधिक, साडेचार हजारांवर खाटांची. स्वच्छ खाट, न्हाणीघर, स्वतः रांधायची सोय. चांगली कल्पना आहे. फक्त साडेचार हजार खाटा आणि देशातले लाखो चालक, हे प्रमाण मनात धरून टाळ्या वाजवाव्यात. शिवाय गाडीला राखण नसेल तर खाट रिकामीच राहते. चालक आपल्या डिझेलच्या टाकीवर झोपणं पसंत करतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालमोटारींची केबिन वातानुकूलित असणं सक्तीचं झालं आहे. विदर्भातल्या मे महिन्यात इंजिनाच्या धगीशेजारी बसणाऱ्या माणसाला हे फार आधी मिळायला हवं होतं. पण ती थंडाई इंजिन चालू असेतोवर. गाडी उभी करून झोपायचं तर इंजिन घरघरत ठेवा आणि मालकाचं डिझेल जाळा, नाहीतर काच खाली करून डास सोसा. चालणाऱ्या चालकाची सोय झाली, थांबणाऱ्याची राहिलीच.

आणि बायका. महामार्गावरच्या शौचालयाचा विषय निघाला की पुरुष अधिकारी गालातल्या गालात हसतात, हा अनुभव या विषयावर बोलणाऱ्या कुणालाही नवा नाही. रात्रीच्या बसमधली बाई संध्याकाळपासून पाणी पिणं सोडते. ही आपल्याकडची जुनी, घराघरात माहीत असलेली युक्ती आहे, आणि अजून कुठल्याही रस्त्यानं तिला निवृत्त केलेलं नाही.

जुन्नरजवळचा नाणेघाट पुष्कळांनी पाहिला असेल. कोकणातल्या बंदरांकडून देशावर येणारी सातवाहनांच्या काळातली वाट. वर पोचलं की तो प्रसिद्ध दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. रांजणाचा फोटो सगळेच काढतात. पण त्याच घाटमाथ्यावर कातळात खोदलेल्या गुहा आहेत आणि पाण्याची टाकी आहेत, त्यांत पाणी टिकतं. बैलांना पाणी, माणसांना सावली. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यानं टोल घेतला त्यानं विसावा दिला, आणि तो एकाच जागी दिला. अहिल्याबाई होळकरांची त्रिशताब्दी २०२५ मध्ये आपण साजरी केली. त्यांनी देशभर बांधलेल्या घाट-धर्मशाळांवर भाषणं झाली. धर्मशाळा हा शब्द त्या भाषणांत भूतकाळातच राहिला.

समृद्धीवर एका मोटारीचा एका बाजूचा टोल आज १,४४५ रुपये आहे. मालमोटारींचा त्याहून कितीतरी जास्त. त्या पावतीवर रस्ता वापरण्याचं मोल लिहिलेलं असतं. त्यात दर ४५-५० किलोमीटरवर दिवे असलेला, राखण असलेला, ट्रेलर मावेल असा तळ, चोवीस तास पाणी आणि कुलूप नसलेलं शौचालय, फुकटची सावली आणि स्वस्तातली खाट एवढं बसायला हवं. फूड मॉल त्याच्या शेजारी खुशाल असो, त्याच्या भाड्यातून तळाचा खर्च निघाला तर उत्तमच. आणि पुढच्या विसाव्याचं अंतर सांगणारा फलक दर दहा किलोमीटरवर असावा. ‘थांबू नका’ असं सांगणाऱ्या फलकाला तेवढी सोबत हवी.

समृद्धीला हे ठिगळ लावून का होईना करता येईल. पण पुढचा रस्ता अजून कागदावर आहे, आणि कागदावर गोष्टी स्वस्त असतात. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाला राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. जमिनींवरून कोल्हापूर भागात तीव्र विरोध आहे. तो वाद वेगळा आणि मोठा आहे. इथं फक्त त्या वेळी नियोजित असलेली लांबी सांगतो: ८०२ किलोमीटर. मालमोटारीच्या ८० च्या वेगानं, एकदाही न थांबता, दहा तास दीड मिनिट.